बाराचं विमान

बारा वाजता सुटलेली गाडी चार वाजून दहा मिनिटांनी पोचली, तर तिला किती वेळ लागला हे सांगायला कॉम्प्युटर लागत नाही. बोटं पुरतात. मला तर बोटंही लागत नाहीत. चौतीस वर्षं मी रोह्याच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होतो. सुटायची वेळ, पोचायची वेळ आणि दोहोंमधला फरक, एवढ्यावर मी संसार केला. रिटायर होऊन नऊ वर्षं झाली तरी रोह्यापासून कोलाडपर्यंत लोक मला कंट्रोलरच म्हणतात, आणि म्हणताना जरा बाजूला सरकतात. माझा आवाज मोठा आहे. राग त्याहून मोठा. ड्रायव्हर दोन मिनिटं उशिरा आला तरी मी त्याला सगळ्या स्टँडदेखत सोलून काढायचो. वेळ ही गोष्ट एकट्या मला कळते, बाकीचे सगळे नुसते घड्याळं बांधून फिरतात, असं मी धरून चाललो होतो.

त्यामुळे त्या गुरुवारी पेणच्या स्टँडजवळ पोपटच्या झेरॉक्सच्या दुकानात मशीनमधून तिकिटाचा कागद बाहेर आला, आणि त्यावर मस्कत बारा, मुंबई चार दहा, आणि त्याच्याखाली प्रवास दोन तास चाळीस मिनिटं असं छापलेलं दिसलं, तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण ते तिकीट कोणाचं आणि माझ्या हातात कशाला, ते आधी सांगायला हवं.

तिकीट माझ्या भाच्याचं. काळुराम, माझ्या थोरल्या बहिणीचा, धोंडुबाईचा, एकुलता एक. कासू स्टेशनच्या पलीकडे खाडीच्या अंगाला त्यांचं गाव. बाप मिठागरावर राबला, आई मिठागरावर राबली, पोराला मात्र मिठात पाय घालायचा नव्हता. तो क्रेन चालवायला शिकला आणि बारा वर्षांपूर्वी मस्कतच्या कंपनीत लागला. तो निघायच्या आधी चार दिवस धोंडुबाय धड जेवली नाही. मस्कतला गेलेला माणूस परत दिसत नाही, अशी तिची समजूत. मी गेलो, त्याचं तिकीट हातात घेतलं आणि वाचलं. मुंबईहून सुटणार चार दहा, मस्कतला पोचणार पाच तीस. मी मोठ्यानं हसलो.

"अगो बाय, रडतेस कशाला? एक तास वीस मिनिटं लागतात. मना रोह्याशनं तुझ्या दारात यायला किती लागतात? फाट्यापर्यंत यष्टीचा एक तास, पुढं चालत वीस मिनिटं. म्हंजे तुझा पोर रोह्याला चाललाय असं धर. जसा मी, तसा तो."

"खरं सांगतोस?"

"माझा धंदाच हाय तो."

तिनं पदरानं डोळे पुसले आणि भात वाढून घेतला. मस्कत साडेपंधराशे किलोमीटरवर आहे हे मला माहीत होतं. पण विमान कसं जातं ते मी कुठं पाहिलं होतं? तिकिटावर छापलेलं खोटं कसं असेल?

रोह्याजवळ वरशाला घरी आलो तर माझी बायको मालू म्हणाली, "शेजारणीचा नवरा दुबयला हाय. ती म्हंते तिकडं उशिरा उजाडतं. त्यांचं घड्याल येगलं असतं." मी तिला म्हटलं, चूल सांभाळ, उजाडायचं मला शिकवू नको. ती गप्प बसली. मी असं बोललो की आमच्या घरात गप्प बसायची पद्धत होती.

सहा वर्षांपूर्वी, अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी पहाटे भावजी, काळुरामचे वडील, गेले. त्यांच्या गावचं मसणवट खाडीच्या बांधाबाहेर आहे. अमावास्या-पुनवेच्या उधाणाचं पाणी दुपारी तिथं चढतं, ते चारच्या पुढं उतरतं. आणि दिवेलागणीनंतर आग्न द्यायची नाही, ही गावची रीत. म्हणजे चार ते सहा, एवढाच वेळ हातात. नाहीतर पेणहून बर्फाच्या लाद्या आणायच्या, रात्रभर माणसं बसवायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या ओहोटीला न्यायचं. मुलगा लांब असला की लोक तेही करतात. काळुरामचा सकाळी मला फोन आला होता. "मामा, बाराचं इमान मिलालं. मी येतो. थांबा माझ्यासाठी." तेवढ्यात फोन कट झाला. थांबायचं, पण किती, ते सगळं गाव माझ्या तोंडाकडं बघून ठरवणार होतं.

मी ओट्यावर उभा राहून सांगितलं. बाराला सुटला, एक वीसला उतरला. बाहेर पडायला एक तास. तिथून गाडीनं पेण अडीच तास, रस्ता खणून ठेवलाय हे धरून. पेणहून गाव वीस मिनिटं. पाच वाजून दहा मिनिटांनी काळुराम दारात. बर्फ आणायची गरज नाही.

पाच दहा झाले. साडेपाच झाले. मसणवटात सगळी तयारी होऊन माणसं उकिडवी बसली होती. काळुरामचा तिकडचा नंबर इकडं लागत नव्हता. पावणेसहाला सूर्य खाडीवर टेकायला आला. धोंडुबायनं माणूस पाठवून विचारलं, "येल ना रं कालू?" पस्तीस मिनिटं उशीर. आमच्या खात्यात पस्तीस मिनिटं उशीर म्हणजे एकतर गाडी बंद पडली, नाहीतर ड्रायव्हर वाटेत कुठं टेकला. मी म्हणालो, तो निघालाच नसेल, नाहीतर मुंबईत उतरून बसला असेल कुठंतरी. आणि मी हात वर केला, स्टँडवर गाडी सोडताना करायचो तसाच. भावजींच्या पुतण्यानं आग्न दिली.

काळुराम पावणेआठला आला. बांधावरून बॅग घेऊन धावत आला. चिता तोवर खाली बसली होती. तो बघत उभा राहिला आणि मग माझ्याकडं वळला.

"मामा, थांबला नाय तुमी?"

"अडीच तास कुटं होतास?"

"मी सरल येतोय. इमान तिकडून..."

"इमानाचं मना शिकवू नको," मी ओरडलो. बांधावर उभं गाव ऐकत होतं. "एक तास वीस मिनिटं लागतात. तुझं तिकीट ह्या हातानं पकडून वाचलंय मी. बाप मेलाय, आनि तू मुंबयत टाइमपास करून येतोस."

त्यानं बॅग उचलली आणि घराकडं चालायला लागला. घरी आल्यावर धोंडुबाय दारात उभी होती. तिनं त्याला जवळ घेतलं नाही. "जनू रोह्याशनं आला," ती माझ्याकडं बोट करून म्हणाली. "तेवराच येल तुला लागतो. तू आला नाय." मग ती आत गेली आणि तिनं कडी लावली.

त्यानंतर सहा वर्षं त्या दोघांत एक शब्द झाला नाही. काळुरामनं बायको पेणला भाड्याच्या खोलीत आणून ठेवली, मुलगी तिथंच झाली. दोन वर्षांनी एकदा तो सुटीवर यायचा, पहिल्याच दिवशी गावात जायचा, अंगणात उभा राहायचा, "आये" म्हणून हाक मारायचा आणि बंद दार बघून परत जायचा. असं दोनदा झालं. मी मात्र दर गुरुवारी रोह्याहून जायचो. धोंडुबाय मला बोंबलाचं कालवण वाढायची आणि म्हणायची, "तू येतंस रं." मला ते ऐकायला आवडायचं. खोटं कशाला बोलू, त्या भाताला चव होती ती काळुराम नालायक ठरला होता म्हणून.

गेल्या महिन्यात मालूनं तिचा फोन माझ्यापुढं धरला. ती त्याच्याशी बोलत असायची, माझ्या नकळत. "कालू येतोय गुरुवारी," ती म्हणाली. "सांजला आयच्या दारात जानार. कंपनीनं आनखी पाच वर्सांचं कागद दिलंय. तो म्हंतो, ह्या टायमाला आयनं दार नाय उगडलं तर तो पोरीला नि बायकोला घेऊन तिकडं जाईल, मंग परत येनार नाय." धोंडुबाय सत्तरीला आली आहे. पाच वर्षांनी कोण कुणाचं दार उघडणार? मालूला वाटत होतं, मी जाऊन बहिणीला समजवावं.

मी जायचं ठरवलं, पण समजवायला नाही. चोराच्या उलट्या बोंबा चालल्या होत्या. बापाला खांदा द्यायला हा वेळेवर येत नाही, आणि आता आईलाच धमकी देतो? या वेळी तो अंगणात उभा राहिला की मीही तिथं असणार होतो. तिकिटाचा कागद त्याच्या नाकासमोर धरून मी विचारणार होतो: ही सुटायची वेळ, ही पोचायची वेळ, आता त्या दिवशीचे अडीच तास कुठं गेले ते सांग. काळुरामनं मालूच्या फोनवर तिकीट पाठवलं होतं, त्याच बाराच्या विमानाचं, पण फोनवरच्या अक्षरांवर माझा भरवसा नाही. म्हणून तिचा फोन घेऊन पेणला उतरलो, पोपटच्या दुकानात गेलो आणि कागद काढायला लावला.

"पोपट," मी म्हणालो, "तुझ्या मशीनला वजाबाकी येत नाय का रे? बारातून चार दहा. चार तास दहा मिनिटं. हे दोन चाळीस कुठून काढलं?"

पोपटनं कागद उलटसुलट करून बघितला. "बरोबर हाय की, कंट्रोलर. ते बारा तिकडचे."

"तिकडचे म्हणजे?"

"मस्कतचे. त्यांचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागं असतं. त्यांचे बारा वाजतात तेव्हा आपल्याकडं दीड. दीडला सुटलं, चार दहाला आलं. दोन चाळीस."

"मागं असायला काय झालं? चावी द्यायला विसरतात?"

दुकानात एक बाई आधार कार्डाची झेरॉक्स काढायला उभी होती, ती हसली. मी तिच्याकडं असं बघितलं की ती बाहेर जाऊन उभी राहिली. पोपट मात्र हसला नाही. शांतपणे म्हणाला, "सूर्य आधी आपल्याकडं येतो, मग त्यांच्याकडं जातो. जो तो आपापल्या सूर्यावर घड्याळ लावतो. शाळेत नव्हतं का भूगोलात?"

"वेळ ती वेळ," मी काउंटरवर हात आपटला. "पेणला बारा तर रोह्याला बारा."

"रोहा रोहा आहे, कंट्रोलर. मस्कत मस्कत आहे."

"आणि मग जाताना? चार दहाला इथून सुटतं आणि साडेपाचला पोचतं. एक तास वीस. मी स्वतः वाचलंय."

पोपटनं हिशेबच केला नाही. त्याला तो पाठ होता, दिवसाला चार तिकिटं काढत असेल. "पोचतं तेव्हा आपले सात वाजलेले असतात. तिकडं साडेपाच. पावणेतीन-तीन तास लागतातच की. तासा-सव्वातासात मस्कत? साहेब, तेवढ्या वेळात इथून रोहाबी होत नाही हल्ली."

मी त्याच्या स्टुलावर बसलो. तो म्हणाला, पाणी देऊ? मी नको म्हणालो. मला कागद नको होता, पाणी नको होतं, मला फक्त त्या दिवसाचा हिशेब परत करायचा होता. बारा तिकडचे, म्हणजे इथले दीड. चार दहाला उतरला. बाहेर पडायला तास, पाच दहा. पेण अडीच तास, सात चाळीस. गाव वीस मिनिटं. आठ.

तो पावणेआठला आला होता. माझ्याच हिशेबानं पोरगा पंधरा मिनिटं आधी आला होता. वाटेत कुठं पाणी प्यायलाही थांबला नसेल.

मी पावणेसहाला हात वर केला होता.

तिथून मिनिडोर रिक्षानं कासूच्या फाट्यावर उतरलो आणि गावाकडं चालायला लागलो. चालताना मी शिव्या देत होतो. आधी पोपटला, मग तिकीट छापणाऱ्यांना, की बाबांनो तिकडचे बारा असतील तर तसं लिहा ना मोठ्या अक्षरात. मग मालूला, की एकदाच का बोललीस, दहादा का नाही बोललीस. मग काळुरामला, की माझ्या अंगावर का नाही आलास, माझी मान धरून का नाही सांगितलंस. शेवटी शिव्या द्यायला कोणी उरलं नाही. बोलू कोणाला दिलं होतं मी? मालूला गप्प केलं, त्याला गप्प केलं, आणि त्या गप्प बसण्यालाच मी माझं बरोबर असणं समजत राहिलो.

धोंडुबाय ओट्यावर सूप घेऊन वाल निवडत बसली होती. दाराला कुलूप आधीच लटकवलं होतं, अजून दाबलं नव्हतं. मला बघून म्हणाली, "लवकर आलास. कालू येनार हाय म्हंतात सांजला. मी कुलूप लावून शेजारच्या ठमाबायकडं जाऊन बसनार."

"बाय, जाऊ नको."

"का?"

मी तिला सांगितलं. उभ्या उभ्या सांगितलं, बसायची हिंमत झाली नाही. मस्कतचे बारा, आपले दीड. एक तास वीस नाही, दोन तास चाळीस. पाच दहा नाही, आठ. मी सांगत गेलो, ती ऐकत गेली. मला वाटलं, तिला कळणार नाही, मला चार-चारदा समजवावं लागेल. ती अंगठाबहाद्दर बाई, घड्याळ बघता येत नाही. तिनं सूप खाली ठेवलं.

"म्हंजे भरतीसारखं," ती म्हणाली.

"काय?"

"खाडीच्या तोंडाला भरती लागते तवा आपल्या बांधाला लागते व्हय? आपल्याकडं पानी तासा-सव्वातासानं येतं. आनि वर पेनच्या अंगाला त्याच्याबी मागनं. पानी तेच, पन ज्याची त्याची येल येगली. मिठागरावर पानी अडवायला उगाडीची फली कवा टाकायची ते ह्याच्यावरच असतं." ती माझ्याकडं बघत होती. "हे मना लहानपनापासून ठावं हाय, जनू. तू मना ईचारला असतास तर मी सांगितला असता."

चौतीस वर्षं स्टँडवर उभा होतो, आणि ज्या बहिणीला मी वेळ शिकवत होतो तिच्या दारापुढं रोज दोनदा ही वेळ येत होती आणि जात होती.

"मालूला ठावं होतं?" तिनं विचारलं.

"बोलली होती एकदा. मी गप्प केली तिला."

"आनि त्या दिवशी मसनात कालू काय बोलत होता? इमान म्हनून कायतरी बोलत होता. लोकांनी सांगितला मना."

"तेच सांगत असंल. मी बोलू दिलं नाय."

ती उठली. मला वाटलं, मारते. तिनं मारायला हवं होतं. आवाज न चढवता ती म्हणाली, "बाप जलत होता तवा माझा पोर वाटंला धावत होता. आनि सा वर्सा मी त्याला दारात उभा ठेवला. दोनदा, जनू. दोनदा त्यानं आये म्हनून हाक मारली नि मी ह्या दाराच्या मागं बसून ऐकली. तुझ्या एका तासावर. तुझ्या वीस मिनिटांवर."

"मी पेणला जातो. त्याला घेऊन येतो."

"नाय. पलू नको. हितंच बस."

तिनं कुलूप काढून आत नेलं. मी ओट्याच्या कडेला बसलो. दुपार झाली, मला कोणी पाणी विचारलं नाही. माझ्याच बहिणीच्या ओट्यावर मी पोस्टमनसारखा बसलो होतो. आतून भांड्यांचा आवाज येत होता. कधीतरी ती दारात यायची आणि माझ्याकडं न बघता विचारायची, "आता कुटं असंल?"

पहिल्यांदा मी म्हणालो, "इमानात. समुद्रावर." दुसऱ्यांदा म्हणालो, "उतरला असंल." तिसऱ्यांदा, "गाडीत. पनवेलच्या पुढं." दर वेळी मी आधी दीड तास मिळवत होतो आणि मग सांगत होतो. माझ्यावर विश्वास ठेवून विचारत होती असं नाही. विचारायला दुसरं कोणी नव्हतं.

संध्याकाळी बोंबलाच्या कालवणाचा वास आला. दिवे लागले. मी पाच तास एकच वाक्य जुळवत होतो, काळुरामला काय म्हणायचं ते. दर वेळी ते वाक्य सुरू झालं की मध्येच माझी बाजू मांडायला लागायचं. तिकिटावर छापलं होतं, गावानं मला विचारलं होतं, सूर्य बुडत होता. दर वेळी मला ते मोडावं लागलं.

पावणेआठला गाडी बांधाच्या तोंडाशी थांबली. काळुराम एकटाच चालत आला. केस पिकायला लागलेत त्याचे. बॅग खाली ठेवून तो अंगणाच्या कडेला उभा राहिला, दोनदा उभा राहिला होता तिथंच. मला ओट्यावर बघून त्याचा चेहरा दगड झाला. त्यानं हाक मारायला तोंड उघडलं, पण धोंडुबाय त्याच्या आधी दारात आली.

"कालू," ती म्हणाली, "तुझ्या घड्यालात किती वाजले?"

सहा वर्षांनंतरचा पहिला शब्द हा. तो गोंधळला. मनगट उचलून बघितलं. "सव्वासहा. तिकडचंच हाय. हितलं नाय लावलं अजून."

"जनू, तुझ्यात किती?"

"पावणेआठ."

"दोनीबी बरोबर हायत," ती त्याला म्हणाली. "त्या दिवशीबी बरोबरच होती. तू येलेवर आलतास, बाला. आमीच थांबलो नाय."

काळुरामनं आईकडं बघितलं आणि मग माझ्याकडं. मी उभा राहिलो. जुळवलेलं एकही वाक्य आलं नाही आणि मोठा आवाजही आला नाही. "मी तिकडचे बारा हितले धरले," मी म्हणालो. "तुला बोलू दिला नाय. माझी चूक हाय, कालू."

"मामा, मना वाटलं तुमी जानून पेटवलात," तो म्हणाला. "मी लांब गेलो म्हनून. इमानात मी सारखा म्हनत होतो, मामा हायत तिथं, मामा बरोबर थांबवतील. येलेचं त्यांना..." तो तिथंच थांबला. या वेळी मी त्याला तोडलं नव्हतं. पुढचं त्याला बोलायचंच नव्हतं.

धोंडुबाय अंगणात उतरली. तिनं त्याची बॅग उचलली, त्यानं ती तिच्या हातातून घेतली, आणि दोघं माझ्या शेजारून ओट्यावर चढली. आत पाट मांडलेले मला दिसत होते. दोन होते. उंबऱ्याशी ती वळली.

"फाट्यावर साडेआठची गाडी हाय ना तुला?"

"हाय."

"मंग निग."

दार तिनं लावलं नाही. आतला उजेड अंगणात पडला होता, बांधापर्यंतची वाट मला त्या उजेडात दिसली. मागं तिचा आवाज येत होता, पोरीचं नाव विचारत होती, ती कितवीला आहे विचारत होती.

पुढच्या गुरुवारी मी नेहमीच्या वेळेला रोह्याच्या स्टँडवर गेलो. पेणची गाडी लागली होती. नवा कंट्रोलर माझ्या ओळखीचा आहे, म्हणाला, बसा साहेब, पुढची सीट ठेवलीय. मी गाडीच्या दारापाशी उभा राहिलो. तिच्याकडून काही निरोप नव्हता. मालूनं फोन करून विचारलं होतं, जनूला पाठवू का? धोंडुबाय म्हणाली होती, आत्ता नको. किती दिवस नको, ते तिनं सांगितलं नाही, आणि विचारायचं मालूलाही सुचलं नाही.

गाडी वेळेवर सुटली. मी चढलो नाही. इथून माझ्या बहिणीचं दार एक तास वीस मिनिटांवर आहे.